उसनं बळ

मे २०२२. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात एका तेरा वर्षांच्या मुलीच्या शिरेतून थोडंसं द्रावण सोडण्यात आलं. त्यात कोणा अनोळखी, निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी होत्या. मुलीला टी-पेशींचा ल्युकेमिया होता. वर्षभरात केमोथेरपी झाली होती, बोन मॅरो प्रत्यारोपण झालं होतं आणि तरीही आजार उलटला होता. आता द्यावं असं औषध उरलं नव्हतं. एक तर वेदना कमी करत राहायचं, नाही तर जगात याआधी कुणालाही न दिलेला उपचार घ्यायचा. तिने आणि तिच्या घरच्यांनी दुसरा मार्ग निवडला. २८ दिवसांनी तपासलं तेव्हा कर्करोगाच्या पेशी शोधूनही सापडल्या नाहीत.

‘उसनं बळ’ हा शब्द आपण जरा कमी लेखूनच वापरतो. ते टिकत नाही, असं गृहीतच धरलेलं असतं. या मुलीला मिळालेलं बळ मात्र अक्षरशः उसनं होतं. ते उसनं घेता यावं म्हणून त्या परक्या पेशींमध्ये चार बदल करावे लागले होते. एका अडचणीवर उपाय करावा तर त्यातून दुसरी अडचण उभी राहावी, अशी ही साखळी आहे. म्हणून ते बदल एकेक करून, क्रमानेच समजून घ्यायला हवेत.

राखणदारच फितूर झाला तर

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांतल्या बी-पेशी प्रतिपिंडं तयार करतात. टी-पेशी शरीरभर फिरून प्रत्येक पेशी चाचपून पाहतात. ही आपली आहे की परकी, निरोगी आहे की विषाणूने पोखरलेली, हे ओळखायला टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक-प्रथिन असतं. त्याला टी-पेशी ग्राहक म्हणू. पेशी परकी वाटली की टी-पेशी तिला तिथल्या तिथे मारून टाकते.

ल्युकेमियात यांपैकीच एखादी पेशी, बहुतेक वेळा अर्धवट वाढलेली असतानाच, ताळतंत्र सोडून वाढत सुटते. लहान मुलांमध्ये तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. बहुतेक मुलांमध्ये तो बी-पेशींचा असतो आणि आज केमोने त्यातली बरीच मुलं पूर्ण बरी होतात. काही मुलांमध्ये तो टी-पेशींचा असतो. तो एकदा उलटला की हाताळायला फार अवघड जातो, कारण इथे राखणदारच फितूर झालेला असतो.

परक्याच्या पेशींनी ल्युकेमिया मारता येतो, हे डॉक्टरांना नव्याने कळलेलं नाही. बोन मॅरो प्रत्यारोपणाचा पाया घालणाऱ्या डॉ. डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी जर्मनीतल्या म्युनिकच्या डॉ. हान्स-योखेम कोल्ब यांच्या गटाने एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. प्रत्यारोपणानंतर ल्युकेमिया उलटलेल्या रुग्णांना त्यांनी आधीच्याच दात्याच्या आणखी लिम्फोसाइट दिल्या आणि आजार मागे हटला. प्रत्यारोपणाचा बराचसा गुण दात्याच्या या पेशींमध्ये असतो. त्या रुग्णाच्या शरीरात दडून बसलेला कर्करोग हुडकून मारतात.

मात्र त्यांना कर्करोग तेवढाच परका वाटत नाही. रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत हे सारंच त्यांच्या दृष्टीने परकं असतं. त्या सगळ्यावरच त्या तुटून पडतात. या हल्ल्याने प्रत्यारोपण झालेले कित्येक रुग्ण आजारापेक्षा उपचाराने गेले आहेत. दात्याच्या टी-पेशींची ताकद हवी, पण त्यांचा राग नको, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

पेशीला पत्ता देणं

दरम्यान, दुसऱ्या दिशेने एक कल्पना पुढे येत होती. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले झेलिग एश्हार १९८० च्या दशकाच्या अखेरीस टी-पेशीला कृत्रिम ग्राहक बसवण्याचे प्रयोग करत होते. प्रतिपिंडाचं टोक आणि टी-पेशीला चेतवणारा आतला भाग एकत्र जोडायचा, म्हणजे पेशी आपण सांगू त्या खुणेवरच चाल करून जाईल. या जोडकामाला पुढे ‘कार’ असं नाव पडलं आणि ते बसवलेल्या पेशींना कार-टी पेशी. सर्वसाधारण टी-पेशी गावभर गस्त घालते. कार-टी पेशी हातात नेमका पत्ता घेऊन निघते.

बी-पेशींच्या ल्युकेमियात हा पत्ता सोपा होता. बी-पेशींवर सीडी१९ नावाचं प्रथिन असतं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. कार्ल जून यांच्या गटाने विकसित केलेल्या पेशी ल्युकेमिया उलटलेल्या एका लहान मुलीला दिल्या आणि ती बरी झाली. २०१७ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. त्याची तिथली जाहीर किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती.

या कहाणीचा एक अध्याय मुंबईत घडला आहे. आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर सीडी१९ वर चाल करून जाणाऱ्या देशी कार-टी पेशी घडवल्या. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावाने त्याला देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीच्या पवई परिसरात त्याचं उद्घाटन केलं. परदेशातल्या किमतीच्या साधारण एक दशांशात हा उपचार इथे उपलब्ध झाला. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तरीही ती किंमत लाखांतच आहे.

ती लाखांत का राहते, याचं एक मोठं कारण उपचाराच्या रचनेतच आहे. या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असतात. प्रत्येकाचं रक्त काढायचं, त्यातल्या टी-पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना कार बसवायचं, वाढवायच्या, तपासायच्या आणि परत त्यालाच द्यायच्या. प्रत्येक रुग्णासाठी नवा घाणा. त्यात आठवडे जातात, आणि उलटलेला ल्युकेमिया आठवडे थांबत नाही. वारंवार केमो झालेल्या रुग्णाच्या टी-पेशी कधी पुरेशा निघत नाहीत, निघाल्या तरी थकलेल्या असतात. टी-पेशींच्याच ल्युकेमियात तर चांगल्या पेशी आणि कर्करोगाच्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात. तिथे स्वतःच्या पेशी वापरायच्या तरी कशा?

मग निरोगी दात्याच्या पेशी आधीच घेऊन, बदलून, गोठवून ठेवल्या तर? एका दात्याकडून अनेक रुग्णांना पुरतील इतक्या मात्रा तयार करता येतील. गरज पडली की शीतपेटीतून काढायच्या आणि द्यायच्या. लंडनमध्ये डॉ. वसीम कासिम आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं याच कामाला वाहून घेतलेले आहेत.

चार बदल

पहिली अडचण कोल्ब यांच्या काळापासूनची आहे. दात्याची टी-पेशी रुग्णाच्या शरीरावर तुटून पडेल. ती हे करते टी-पेशी ग्राहकाच्या जोरावर. तेव्हा तो ग्राहक घडवणारं जनुक बंद करायचं. ग्राहक नसलेल्या पेशीला आपलं-परकं कळत नाही, त्यामुळे ती रुग्णाच्या त्वचेला, आतड्यांना हात लावत नाही. आपलं-परकं ओळखणं हा टी-पेशीचा जन्मजात धर्म आहे. या उपचारात आधी तो धर्मच काढून घेतला जातो.

दुसरी अडचण उलट बाजूची. पेशीने रुग्णाला त्रास दिला नाही, तरी रुग्णाची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून मारेल. त्यासाठी रुग्णाला आधी अलेम्टुझुमॅब नावाचं प्रतिपिंड देतात. ते सीडी५२ ही खूण असलेल्या सगळ्या लिम्फोसाइट नष्ट करतं. पण दात्याच्या पेशींवरही सीडी५२ असतंच, म्हणजे औषध त्यांनाही मारणार. म्हणून दात्याच्या पेशीतलं सीडी५२ चं जनुक बंद करायचं. मग औषधाला ती पेशी दिसत नाही. रुग्णाच्या जुन्या पेशी जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत नव्या पेशी वाढतात.

तिसरी अडचण खास टी-पेशींच्या ल्युकेमियाची. या कर्करोगाच्या पेशींवर सीडी७ हे प्रथिन भरपूर असतं, तेव्हा कारला पत्ता सीडी७ चा द्यायला हवा. पण सीडी७ निरोगी टी-पेशींवरही असतं. म्हणजे सीडी७ शोधणाऱ्या कार-टी पेशी प्रयोगशाळेतल्या पिशवीतच एकमेकींना मारत सुटतील. शास्त्रज्ञ याला भ्रातृहत्या म्हणतात. ही भाऊबंदकी मिटवायची तर ज्या कारणावरून ती पेटते तेच काढून टाकायला हवं. म्हणून दात्याच्या पेशीतलं सीडी७ चं जनुकही बंद करायचं.

हे तीन बदल काढून घेण्याचे. चौथा तेवढा देण्याचा. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवर कारचं जनुक चढवून ते पेशीत पोचवायचं. आता त्या पेशीच्या हाती पत्ता आला. जिथे सीडी७ दिसेल तिथे जाऊन मारायचं.

उपचाराची बातमी सांगताना चौथ्याच बदलाचं कौतुक होतं, कारण शत्रूला मारतो तो. मला मात्र पहिले तीन अधिक विलक्षण वाटतात. परक्या घरात जाऊन काम करायचं, तर आधी स्वतःचं काय-काय बाजूला ठेवावं लागतं याचा तो हिशोब आहे.

कात्री आणि अक्षर

जनुक बंद करणं बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात साधारण तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात नेमकी जागा शोधून तिथेच बदल करायचा असतो.

याच रुग्णालयात २०१५ मध्ये एक वर्षाच्या मुलीला अशा बदललेल्या परक्या पेशी पहिल्यांदा देण्यात आल्या होत्या. तिचा ल्युकेमिया बी-पेशींचा होता. तेव्हा टालेन नावाच्या रेण्वीय कात्रीने डीएनए कापून टी-पेशी ग्राहक आणि सीडी५२ यांची जनुकं बंद केली होती. ती मुलगी वाचली. इमॅन्युएल शार्पांटिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये मांडलेली आणि २०२० मध्ये नोबेल मिळवून गेलेली क्रिस्पर ही आणखी सुटसुटीत कात्री. पण कात्री कुठलीही असो, ती डीएनएच्या दोन्ही पट्ट्या आरपार कापते.

दोन बदलांपुरतं ते निभावलं. तीन बदलांत धोका वाढतो. टी-पेशी ग्राहकाचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, सीडी७ चं सतराव्या आणि सीडी५२ चं पहिल्या. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी काप दिले, तर पेशी ते सांधताना एका गुणसूत्राचं टोक दुसऱ्याला जोडू शकते. अशी चुकीची सांधणी किती घातक असते ते रक्ताच्या कर्करोगानेच शिकवलं आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात नववं आणि बाविसावं गुणसूत्र यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. ज्या चुकीतून रक्ताचे कर्करोग जन्मतात, तीच चूक उपचारात होऊ देणं परवडणारं नव्हतं.

इथे कामी आली ती बेस एडिटिंगची पद्धत. हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेने ती २०१६ मध्ये मांडली. यात क्रिस्परची धार बोथट केलेली असते. ते जागा शोधून देतं, पण दोन्ही पट्ट्या कापत नाही. त्याला जोडलेलं विकर तिथलं एक अक्षर रासायनिक रीतीने बदलतं, सी चं टी करतं. डीएनएची भाषा तीन-तीन अक्षरांत वाचली जाते. त्यात सी-ए-जी या शब्दाचा अर्थ एका विशिष्ट अमिनो आम्लाची जोड द्या, असा होतो. पहिलं अक्षर बदलून टी-ए-जी झालं की अर्थ होतो, थांबा. वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडतो आणि ते प्रथिन पुरं होतच नाही. हस्तलिखिताचं पान न फाडता, फक्त एक अक्षर खोडून दुसरं लिहावं, तसं हे काम आहे.

पेशींना विजेचा हलका धक्का देऊन ही यंत्रणा आत सोडतात, मग कार बसवतात. इतकं करूनही काही पेशींवर जुना ग्राहक शिल्लक राहतोच. अशा पेशी चुंबकीय कण चिकटवून वेचून काढतात. त्यांतल्या मूठभर जरी रुग्णाच्या अंगात गेल्या तरी त्वचेवर पुरळ उठण्यापासून पुढचा सगळा त्रास सुरू होऊ शकतो.

चार आठवडे

या पेशी अंगात गेल्यावर काय होतं? काही दिवसांत त्या वाढू लागतात आणि कर्करोगाच्या पेशींना मारू लागतात. या धुमश्चक्रीत सायटोकाइन नावाची रसायनं रक्तात उसळतात. सणसणून ताप येतो, रक्तदाब उतरू शकतो. त्यावर औषधं आहेत. त्याहून मोठं संकट रिकामपणाचं असतं. सीडी७ शोधणारी पेशी कर्करोगाच्या टी-पेशी मारते तशा निरोगी टी-पेशीही मारते. तिच्याजवळ फक्त पत्ता असतो, त्या घरात कोण राहतं ते तिला कळत नाही. त्या आठवड्यांत रुग्णाची प्रतिकारशक्ती जवळजवळ संपलेली असते. एरवी सहज परतवला जाणारा विषाणू किंवा बुरशी या दिवसांत जिवावर बेतू शकते.

म्हणूनच या पेशी कायमच्या राहू द्यायच्या नसतात. सुमारे चार आठवड्यांत कर्करोग दिसेनासा झाला की लगेच बोन मॅरो प्रत्यारोपण करतात. त्याच्या पूर्वतयारीत त्या बदललेल्या पेशीही नष्ट होतात आणि मॅरो देणाऱ्या दात्याच्या मूळ पेशींपासून (स्टेम सेल) रुग्णाचं नवं रक्त, नवी प्रतिकारशक्ती घडू लागते. त्या तेरा वर्षांच्या मुलीचंही दुसऱ्यांदा प्रत्यारोपण झालं. ल्युकेमिया शिल्लक असताना प्रत्यारोपण केलं तर तो बहुधा पुन्हा उलटतो. ही कोंडी या चार आठवड्यांनी फोडली.

सगळ्यांच्याच वाट्याला असं यश आलं नाही, हेही सांगायलाच हवं. पहिल्या तीन मुलांचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका मुलाचा बुरशीच्या संसर्गाने मृत्यू झाला होता. डिसेंबर २०२५ मध्ये पहिल्या ११ रुग्णांचे निष्कर्ष आले. ९ जणांमध्ये आजार इतका मागे हटला की प्रत्यारोपणाची वाट मोकळी झाली, आणि ७ जण आजारमुक्त राहिले. काही वेळा कर्करोगाची पेशीच सीडी७ ची खूण टाकून देते. मग पत्ता हाती असून उपयोग नसतो. ११ हा आकडा लहान आहे. पण ज्यांच्यासाठी वैद्यकाकडे काहीच उरलं नव्हतं अशा ११ जणांतले ७, हे लक्षात घेतलं की त्याचं मोल कळतं.

दोन अनोळखी माणसं

या उपचारात दोन दाते असतात. पहिल्याच्या पेशींवर इतके बदल केलेले असतात की त्या कुणालाही देता येतात, जुळणी बघावी लागत नाही. त्या कर्करोगाला मागे रेटतात. दुसऱ्या दात्याचा बोन मॅरो मात्र शक्य तितका जुळावा लागतो. जुळणी ज्यांवरून पाहतात ती पेशींची ओळख ठरवणारी लक्षणं आई-वडिलांकडून येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. भावंड जुळलं नाही तर बहुधा नोंदणीकृत अनोळखी दात्यांत शोधावं लागतं. असा दाता बहुधा आपल्याच वंशाच्या लोकांत सापडतो. जगातल्या मोठ्या नोंदवह्यांत युरोपीय वंशाच्या दात्यांचा भरणा आहे. लंडनमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या रुग्णालाही जुळणारा मॅरो कोल्हापुरातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या अनोळखी तरुणाकडे असू शकतो. तो सापडायला त्या तरुणाचं नाव आधी नोंदवलेलं असायला हवं. त्यासाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. जुळणी झालीच, तर आज बहुतेक वेळा हातातल्या शिरेतून, रक्तदानासारखंच, पण काही तास बसून मूळ पेशी देता येतात.

महाराष्ट्रात जयंतीला, गणेशोत्सवात, वाढदिवसाला रक्तदान शिबिरं भरतात. रांगेत उभं राहून अनोळखी माणसाला रक्त द्यायची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. त्याच मांडवात मूळ पेशीदात्यांच्या नोंदणीचं एक टेबल लागलं, तर ती सवय आणखी एक पाऊल पुढे जाईल. खारघर आणि पवईने हे दाखवून दिलं आहे की पेशी घडवण्याचं अवघड काम इथे, आपल्या खिशाच्या जवळ येईल अशा किमतीत होऊ शकतं. दात्याच्या पेशींचे बदल पुढेमागे इथेही करता येतील. पण त्या पेशींनी कमावलेले चार आठवडे सार्थकी लावणारा दुसरा दाता कुठल्याच प्रयोगशाळेत घडवता येत नाही.

उसनं बळ टिकत नाही, हे खरंच आहे. त्या मुलीला मिळालेल्या पेशीही टिकल्या नाहीत, आणि त्यांनी टिकावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. कुणीतरी आपला मॅरो घेऊन येईपर्यंत त्यांनी दार धरून ठेवायचं होतं.